बेतवेच्या वाळूत मागचा नांगर

आधीच सांगून टाकते. मी आयुष्यभर रेल्वेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. मांजर आडवं गेलं तर मांजरालाही कामं असतात, असं म्हणणारी मी बाई. शेजारणी पिंपळावरच्या बाईच्या गोष्टी सांगायला लागल्या की मला आमच्या कुकरची न झालेली शिट्टी ऐकू यायची आणि मी उठायचे... तेव्हा पुढचं वाचून कोणी "मॅडम, तुम्हीसुद्धा?" म्हणालं तर मला राग येणार नाही. मी स्वतःच स्वतःला हे कितीदा म्हटलंय.

आम्ही झाशीला रेल्वे कॉलनीत राहायचो. माझे सासरे, तात्या, मूळचे मालवणकडचे. नौदलातून रिटायर झाले आणि एकुलता एक मुलगा जिथे नोकरीला तिथे आले — म्हणजे समुद्रापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब. कॉलनीत ते 'जहाजवाले बाबूजी'. बबीन्याच्या लष्करी छावणीला जाणारी रणगाड्यांची मालगाडी स्टेशनात उभी असली, की तात्या मागे हात बांधून प्रत्येक साखळी नीट ताणली आहे का ते बघत फिरायचे. तिथले जवान त्यांना ओळखायला लागले होते.

कारण तात्यांची बरीचशी नोकरी रणगाडे वाहणाऱ्या बोटीवर झाली होती. ती दुसऱ्या महायुद्धात बांधलेली. ब्रह्मदेशात आराकानच्या किनाऱ्यावर तिने सैन्य उतरवलं, पुढे इंग्रज गेल्यावर ती आपल्या वाट्याला आली. युद्धातलं तात्यांनी काही पाहिलेलं नव्हतं, पण सांगायचे पाहिल्यासारखं. त्यानंतरचं मात्र त्यांचं स्वतःचं. तिने अंदमानला माणसं नेली, पुरात तांदूळ नेला, एकदा तर म्हशी नेल्या. तळ सपाट, त्यामुळे साध्या लाटेतही अशी डुलायची की जुने खलाशीसुद्धा ओकायचे. पण तिच्यासारखी धीट बोट नाही, असं तात्यांचं म्हणणं. इतर बोटी वाळूला भितात, ही मुद्दाम वाळूवर चढायची. तोंडाचं दार उघडायचं आणि पोटातले रणगाडे थेट किनाऱ्यावर.

"चढणं सोपं," तात्या म्हणायचे. "परत कोण आणणार?"

त्यासाठी मागचा नांगर. किनारा जवळ आला की अजून खोल पाण्यात असतानाच मागून नांगर सोडायचा आणि त्याची तार सोडत सोडत पुढे जायचं. माल उतरला की मागच्या विंचवर, म्हणजे तार ओढणाऱ्या यंत्रावर, ती तार गुंडाळायची, की बोट स्वतःच स्वतःला ओढून पाण्यात घेते. त्या विंचवर तात्या असायचे.

हे सगळं बोटीपुरतं ठीक होतं. पण तात्या झाशीतही कुठलं वाहन पाण्याजवळ गेलं की आधी त्याचं मागचं टोक बांधायला सांगायचे. एका पावसाळ्यात त्यांनी ह्यांची स्कूटर कॉलनीतल्या कडुनिंबाला बांधून ठेवली. सगळी कॉलनी हसली. हे घरात येऊन म्हणाले, "तात्या, अहो लोक काय म्हणतील?" मी हसू दाबायला स्वयंपाकघरात पळाले.

त्याच सुमारास त्यांचे जुने सोबती साळवी दिल्लीला जाताना झाशीवरून गेले. गाडी थांबते तेवढ्यात भेट. मी चहाचा थर्मास घेऊन बरोबर होते. साळवींनी खिडकीतूनच सांगितलं, "आपली बोट गेली रे भंगारात. भरतीला चिखलावर चढवली, आता तोडतायत."

तात्यांनी एकच विचारलं, "मागचा नांगर टाकलेला?"

"कशाला?" साळवी म्हणाले. "परत थोडीच आणायची होती?"

तात्यांचा चहा तसाच राहिला.  घरी येऊन त्यांनी पलंगाखालचा जाड दोर काढला, ओट्यावर उन्हात पसरला आणि दुपारभर त्याच्याजवळ बसून राहिले.

दिवाळी झाल्यावर आम्ही बेतवेवर सहलीला गेलो. शेजारच्या राजाराम भैयांची जीप, ते चालवणारे. हे, मी, तात्या आणि आमची चार वर्षांची शुभा. नदी उथळ, स्वच्छ ऊन. राजाराम भैया म्हणाले, जीप पाण्यात उतरवून धुऊन घेतो. तात्या लगेच दोर घेऊन उठले. एक टोक जीपच्या मागच्या हुकाला, दुसरं काठावरच्या अर्जुनाच्या झाडाच्या खोडाला.

"बाऊजी, जा गाड़ी है, भैंस नइयाँ जो बाँध रए!" राजाराम भैया हसले; गाडीला म्हशीसारखं काय बांधता, म्हणून. पण दोर सोडला नाही, म्हातारा माणूस म्हणून.

जीप पुढच्या अंगाने पाण्यात गेली. दोर वाळूवर ढिला पडलेला. शुभा मागच्या सीटवर झोपली होती. पाणी घोटाभर, म्हणून तिला उठवलं नाही. गाडी धुऊन झाल्यावर राजाराम भैया आणि हे थोडं पलीकडे खडकांवर अंघोळीला गेले. मी वर तीन दगडांची चूल पेटवत होते.

पाणी कधी चढायला लागलं, कळलंच नाही. वरच्या धरणातून सोडलं असेल किंवा कुठे पाऊस झाला असेल. मी मान वर केली तेव्हा जीपची चाकं दिसत नव्हती आणि पुढचा भाग एका बाजूला कलला होता. चाकांखालची वाळू वाहून जात होती. मी धावले. कमरेइतक्या पाण्यात पाय सुटले आणि मी कशीबशी मागे आले. मला पोहता येत नाही. ह्यांच्या आणि जीपच्या मध्ये धार आली होती. हे उडी मारायला बघत होते आणि राजाराम भैया त्यांना धरून ठेवत होते. मी फक्त "शुभा, शुभा" करत होते. 

आणि दोर ताणला गेला.

कसल्यातरी यंत्राची घरघर ऐकू आली. जड, एकसारखी, मध्येच चक्राचा दात अडकल्यासारखी खडखडणारी. जीपचं इंजिन बंद होतं, ती गिअरमध्ये होती, हँडब्रेक ओढलेला होता. तरी जीप मागे आली. चाकं फिरत नव्हती, वाळूत दोन खोल चर पडत होते. पाण्यातून बाहेर, वाळूवरून, चढ चढून वर. घाई अशी नाहीच.

तात्या झाडापाशी उभे होते. दोराला त्यांचा हात लागलेला नव्हता. एक हात वर होता आणि त्याचं एक बोट, विंच चालवणाऱ्याला खूण करावी तसं, गोल गोल फिरत होतं. जीप खोडाजवळ आली, त्यांनी मूठ मिटली. जीप थांबली आणि आवाजही थांबला.

मी शुभाला उचललं. ती डोळे चोळत म्हणाली, "आजोबाजी, घर आ गया?"

हे आणि राजाराम भैया लांबून वळसा घालून आले. खोडावरची गाठ तशीच होती, तात्यांनी मारली तशी, दोनच वेढे. खोड आणि जीप यांच्यात हातभर ताणलेला दोर. आणि सकाळी हाच दोर पाण्यापर्यंत, क्रिकेटच्या पिचहून जास्त लांब पोचला होता. उरलेला कुठेच नव्हता — ना खोडाभोवती, ना जमिनीवर. राजाराम भैयांनी गाठ सोडली आणि दोर गुंडाळायला घेतला. ते गुंडाळत गेले, गुंडाळत गेले... पूर्ण वेटोळं झालं, आणलं होतं तेवढंच. त्यांनी ते खाली ठेवलं आणि तात्यांच्या पायांना हात लावला.

संध्याकाळी मी तात्यांना विचारलंच, "तात्या, ओढलं कोणी?"

"अगो सूनबाई," ते शांतपणे म्हणाले, "शेवटच्या वेळी बोटीला नांगर टाकू दिला नाही ना. तिचं एक ओढणं राहिलं होतं."

हे काही स्पष्टीकरण झालं नाही, मला कळतं. मी इतरही शोधली. पाण्याचा भोवरा म्हणावा, तर तो गाडी चढावर आणत नाही. ओला दोर आखडतो, पण इतका नाही. घरघर तर आम्ही तिघांनीही ऐकली होती.  ह्यांनी मात्र तात्यांना "लोक काय म्हणतील" असं पुन्हा कधी म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा नदीवर निघालो तेव्हा मीच पलंगाखाली वाकून म्हटलं, "तात्या, दोर घेऊ ना?"

तात्या चपला घालत होते. "घे हवा तर," ते म्हणाले. "पण आता ओढायला कोण आहे?"

मी तरी घेतला. शुभा बरोबर होती.