अप्पांच्या खोलीतला उजेड

डॉक्टर म्हणाले, "डावा डोळा गेला. उजवाही जाईल." अप्पांनी विचारलं, "खोलीत उजेड आणखी वाढवला तर?" डॉक्टर म्हणाले, "हा उजेडाचा प्रश्न नाही." मी शेजारी बसले होते.

अप्पा म्हणजे माझे वडील. बेळगावच्या एका छापखान्यात त्यांनी आयुष्यभर मुद्रितं तपासली. आई गेल्यावर मी त्यांना बंगळुरूला, बसवनगुडीतल्या माझ्या भाड्याच्या घरी आणलं. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. येताना त्यांनी कपड्यांची एक पिशवी आणि पुस्तकांच्या दोन पेट्या आणल्या. नोकरीत दुसऱ्यांच्या चुका वाचल्या, आता स्वतःसाठी वाचायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मी तेव्हा एका वास्तुरचनाकारांच्या ऑफिसात होते; त्यांना आम्ही सर म्हणायचो. इमारतीत दिवसाचा उजेड कसा आणायचा आणि कसा मोजायचा, हे शिकत होते. राखाडी पुठ्ठ्याचं मॉडेल करायचं, ढगाळ दिवशी गच्चीवर न्यायचं, आत लक्समीटरची चकती सरकवायची. आभाळाखाली उजेड किती, मॉडेलच्या आत किती, याचा भागाकार काढायचा. एकदा माझ्या मॉडेलच्या सांध्यांतून उजेड झिरपत होता. सरांनी ते सगळ्यांसमोर पायाखाली घातलं आणि म्हणाले, "आता बघ, छतातून किती छान येतो."

रोज सकाळी सर कुठल्या तरी टेबलावर बोट ठेवून विचारायचे, "किती?" मी म्हणायची, चारशे लक्स. मीटर दीडशे दाखवायचा. "मॅडम, हे डोळे आहेत की शर्टाची बटणं?" सगळे हसायचे, मीही हसायची. मग ते नीट समजावून सांगत. डोळा उजेडाला सरावतो, अंधारालाही सरावतो, त्याची साक्ष धरायची नाही. मीटरला विचारायचं. हे खरंच आहे. मीही पुढे नव्या मुलामुलींना हेच शिकवलं.

अप्पा येऊन काही महिने झाले होते. एका रविवारी ते म्हणाले, "खोलीत अंधार आहे गं. अक्षर लागत नाही." मी ऑफिसातून मीटर आणला. त्यांच्या टेबलावर एकशे ऐंशी निघाले. मला आनंद झाला. शिकलेलं लावून बघायला घरचीच खोली मिळाली होती. मी एक वही सुरू केली. तारीख, वेळ, आभाळ कसं होतं, अप्पा काय म्हणाले, मीटर काय म्हणाला.

भिंतींना पांढरा रंग दिला. खिडकीसमोर पेरूची फांदी होती, ती तोडून घेतली. अप्पा म्हणाले, "पोपट यायचे गं त्यावर." मी म्हटलं, "पोपट हवेत की पुस्तकं?" त्या आठवड्यात टेबलावर तीनशे आले.

महिन्याभरानं ते पुन्हा तेच म्हणाले. मी मीटर त्यांच्यासमोर धरला. "अप्पा, तीनशे आहे. एवढ्या उजेडात आम्ही नकाशे काढतो."

"मग तुझ्या यंत्रालाच बसव वाचायला."

सोमवारी मी हे ऑफिसात सांगितलं. सरांना ते फार आवडलं. पुढे कितीतरी दिवस, कोणी नकाशा वाचताना अडखळलं की कोणीतरी म्हणायचं, यंत्राला बसव वाचायला. अप्पांचा आवाज काढून म्हणायचे. तो आवाज मीच त्यांना काढून दाखवला होता.

जेवताना अप्पांच्या हाताला लागून बाजूचा पेला सांडायला लागला. दाराची चौकट खांद्याला लागायला लागली. माझ्याकडे त्याचंही कारण होतं. खिडकी फार उजळ, तिच्यामुळे आजूबाजूचं काळं दिसतं. मी झिरझिरीत पडदा लावला आणि वहीत लिहिलं.

खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंना आम्ही अक्का म्हणायचो. त्यांनी एक दिवस मला जिन्यात गाठलं आणि त्यांच्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाल्या, "तुमचे अप्पा रोज माझ्या रांगोळीत पाय घालतात. आधी वाटलं, मुद्दाम करतात. डॉक्टरला स्वल्प दाखवा की."

मी त्यांना समजावलं की आपला जिना अंधारा आहे, त्यातून एकदम उन्हात आलं की डोळ्याला वेळ लागतो.

"असं होय? मग जिना काय फक्त त्यांनाच अंधारा?"

मला त्यांचा राग आला. त्या शाळेत फार गेलेल्या नव्हत्या, हेही माझ्या मनात आलं.

त्यानंतर अप्पांनी तक्रार करणं सोडलं. मी वहीत लिहिलं, 'तक्रार नाही.' सरांनी मला ती खोली ऑफिसात सगळ्यांपुढे मांडायला सांगितली, आधीचे आकडे आणि नंतरचे. ऐकून म्हणाले, "बरोबर." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच म्हणाले. त्या खुशीत मी घरी येताना अप्पांसाठी एक नवं पुस्तक घेतलं. त्यांनी ते हातात घेतलं, पानावरून अंगठा फिरवला आणि मला विचारलं, "छपाई कशी आहे गं?"

छपाई कशी आहे, हे त्यांनी मला विचारलं. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

डॉक्टरांनी तपासून काचबिंदू सांगितला. मग विचारलं, "यांची तक्रार कधीपासून आहे?" सहसा लोकांना हे सांगता येत नाही. मला तारखेसह येत होतं. पावणेदोन वर्षं. ते म्हणाले, तेव्हाच आणलं असतं तर थेंबांनी बरंच राखता आलं असतं.

रिक्षात अप्पांनी चाचपून दांडी धरली. मग म्हणाले, "आकडा बरोबर होता ना गं तुझा?"

"हो अप्पा."

"मग झालं."

हे ते टोचून म्हणाले की माझी समजूत काढायला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कोणी भेटायला आलं की ते सांगत, मुलीनं माझ्या खोलीत भरपूर उजेड केलाय. पाहुणे मान वर करून खोली बघत आणि खरंच की, म्हणत. मी चहा ठेवायला आत जायची.

उजवा डोळाही गेल्यावर मी त्यांना संध्याकाळी वाचून दाखवायला लागले. ते दोन आठवडे ऐकत होते. मग एकदा पान अर्ध्यावर असताना म्हणाले, "राहू दे. हे तुझं वाचणं झालं. मला माझं वाचायचं होतं." त्यानंतर ते तीन वर्षं जगले. पुस्तकाचं नाव त्यांनी काढलं नाही.

हा आजार घराण्यात उतरतो. माझ्यात तो लवकर सापडला, कारण चाळिशीचा चष्मा घ्यायला गेले तेव्हा डॉक्टरांनी वडिलांबद्दल विचारलं आणि मी सांगितलं. रोज दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घालते. मला वाचता येतं.