शून्य झालेली आठवी ओळ

कुमासीच्या तंत्रशाळेत पोकुआबाई एकोणीस वर्षं समीकरणं शिकवत होत्या, पण फळ्याला त्यांनी फारसं छळलं नाही. त्या पोरांनाच उभं करत. आठ समीकरणं असली की आठ जण, प्रत्येकाच्या गळ्यात पाटी आणि पाटीवर आपापल्या ओळीचे आकडे.

"न्टिम, तू आठवी ओळ. तिसरीला स्वतःतून वजा कर. लाजतोस काय, ती काय तुझी सासू आहे?"

असं करत एकेक अज्ञात संख्या गळत जायची. डावीकडचे सगळे आकडे शून्य झाले, की त्या ओळीनं वर्गापुढं नाचायचं. नियम बाईंचाच. पोरं बाकं बडवून ओरडायची, "आटला रे, आटला!" आणि बाई स्वतः ठेका धरायच्या.

एका शुक्रवारी सकाळी अज्येकुममामा वर्गात आले. हे वेल्डर, सगळी तंत्रशाळा त्यांना मामाच म्हणायची. एजिसूच्या बाजारात पाण्याची टाकी बसवायची होती. तिच्या दोन मजली लोखंडी मनोऱ्याचं चित्र त्यांनी बाईंपुढं ठेवलं. चारी बाजू सारख्या, जोडाला एकेक बोल्ट.

"वाऱ्यात टिकेल का बघा, बाई. सांगाडा उभा आहेच. दुपारी टाकी चढवतो."

एका बाजूला आठ पट्ट्या, म्हणजे आठ अज्ञात जोर. सांध्यांची समीकरणंही आठच. वाऱ्याचा जोर पाच धरला आणि पाट्या गळ्यात पडल्या. उत्तर आलं: एका तिरप्या पट्टीवर पन्नास. "ती पट्टी जाड घ्या," पोरांनी सांगितलं. मामा खूश होऊन गेले.

जेवताना बाईंनी सवयीनं ती उत्तरं मूळ समीकरणांत परत घालून पाहिली. सात जुळली. आठवं जुळेना. वाआच्येचा, म्हणजे चवळी-भाताचा, घास हातातच राहिला.

"न्टिम, तुझी पाटी आण."

"पुसली, बाई."

"पाटी पुसायची घाई तुला कधीपासून?"

"शून्य आलं होतं, बाई. परवाच नाचलो होतो, आठवडाभर चिडवतात. म्हणून मी शेवटच्या शून्याच्या जागी नुसतं शून्य पूर्णांक एक लिहिलं आणि पाचाला त्यानं भागलं. एवढंसंच."

बाई रागावणार होत्या. पण पोराला शून्याची लाज त्यांनीच लावली होती. डावीकडं शून्य आणि उजवीकडं वाऱ्याचे पाच, म्हणजे वारा झेलायला कुणीच नाही! त्यांनी चित्र पाहिलं. दोन्ही तिरप्या पट्ट्या वरच्या मजल्यावर फुली मारून बसलेल्या, खालचा मजला नुसती पोकळ चौकट. एकूण पट्ट्या बरोबर होत्या, म्हणून कुणाला शंका आली नाही.

चित्राचा कागद आणि न्टिमला घेऊन त्या मिळेल त्या ट्रोट्रो व्हॅनमध्ये चढल्या.

एजिसूत टाकीला दोर बांधून झाला होता. "आला कागद!" मामा हसले. "टाकी काय त्यावर ठेवू?"

"टाकी राहू द्या, मामा. आधी पहिल्या मजल्याला नुसता खांदा लावा."

मामांनी खांदा लावला. सांगाडा करकरला आणि दारू प्यायलेल्या माणसासारखा कलला. त्याच्याखाली उभ्या असलेल्या भाजीवाल्या बाया किंचाळत मागं सरल्या.

"पट्ट्या तर पुऱ्या आठ आहेत की!" मामांचा चेहरा उतरला.

"आहेत. पण दोघी एकाच माडीवर भांडत बसल्यात. एकीला खाली आणा."

दोन्ही मजले एकाच मापाचे. चारी बाजूंची एकेक तिरपी पट्टी काढून खाली बसवायला दोन तास गेले.

"हे कुणाच्या लक्षात आलं?" मामांनी विचारलं.

"याच्या ओळीनं सकाळीच सांगितलं होतं," न्टिमच्या पाठीवर हात ठेवत बाई म्हणाल्या. "आम्हीच तिला बोलू दिलं नाही. यापुढं माझ्या वर्गात शून्यावर कुणी हसणार नाही."

न्टिमनं शेवटचा बोल्ट आवळला आणि खांदा लावला. सांगाडा हलला नाही. त्यानं पुन्हा लावला. मग आणखी एकदा.

"अरे, आता पाडतोस की काय!" मामा ओरडले, तेव्हा कुठं तो बाजूला झाला आणि टाकी वर गेली.