लाल दिसलेलं तळं

मुलांनो, तुमची उषाआजी गेली त्याला महिना होत आला. फोनवर तुम्ही दोघं रडलात, मी रडले नाही. तुम्हाला ते खटकलं असेल. मी संतापले होते, अजूनही आहे. परवाच्या शोकसभेनंतर तर जास्तच. तिथे तिचे जुने साहेब म्हणाले, "उषाताईंनी उपनगरातलं एकही तळं नकाशातून सुटू दिलं नाही." एक सुटलं होतं. ते कुणी सोडलं, हे तुम्हाला ठाऊक हवं...

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तुमच्या आजोबांची ही धाकटी बहीण मुलुंडला आमच्याकडेच राहायची. उपग्रहाच्या छायाचित्रांवर पारदर्शक कागद ठेवून मुंबईच्या उपनगरांतली तळी उतरवून घेणं, हे तिचं कचेरीतलं काम. त्या छायाचित्रांत रंग खरे नसत. पाणी काळं दिसे, झाडोरा लाल. काळं असेल तेच तळं, असा साहेबांचा नियम. आमच्या सोसायटीमागचं तळं लालभडक आलं, कारण उन्हाळ्यात त्यावर या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णी माजायची. साहेबांनी तिथे 'हिरवळ' असं लिहायला लावलं.

रविवारी उषा तळ्याची खोली बघायला माझी कपडे वाळत घालायची काठी घेऊन निघाली. मी ओरडले, "अगं, दांडीवर साड्या कशाने टाकू?"

"आज स्टुलावर चढ, वहिनी."

परतली तेव्हा काठी निम्म्यापर्यंत चिखलाने काळी झालेली. सोमवारी ती तशीच, न धुता, कचेरीत घेऊन गेली. सगळे हसले म्हणे. साहेबांनी विचारलं, उपग्रह खोटं बोलतो का?

"खोटं नाही बोलत, साहेब. तो फक्त वरून बघतो. तुम्ही एकदा येऊन बघा."

ते आले नाहीत. मुलुंड काय परदेशात होतं? नकाशा तसाच छापला, आणि तोच दाखवून बिल्डरने तळ्यात भराव घातला. उषा तक्रार करायला गेली तर तिलाच ऐकवलं, नकाशात पाणी नाही, आणि खाली नाव तुमचंच आहे. ते तिला मरेपर्यंत टोचत राहिलं. परवा मी सभेत उभी राहून हे सगळं बोलले. साहेब म्हणाले, "आता कशाला ते, वहिनी?" आणि तिच्या फोटोला हार घातला...

तळ्याच्या जागी इमारत आहे. दर पावसाळ्यात तिच्या तळमजल्यात पाणी भरतं आणि लोक पंप लावतात. काठी माझ्या बाल्कनीत आहे. साड्या अजून तिनेच टाकते. निम्म्यापर्यंतचा काळा डाग गेलेला नाही.