हनीफला उठवणारा फोन

हनीफ गेल्याचं कळलं तेव्हा मी वाचनालयात त्याच्यासाठीच पुस्तक शोधत होतो. शोधत म्हणजे काय, पुस्तक मधूनच उघडायचं आणि त्यात नदी, समुद्र, निदान एखादी भरलेली विहीर तरी आहे का ते बघायचं. एका प्रवासवर्णनात चांगली मोठी नदी सापडली होती. तेवढ्यात त्याच्या मुलाचा, इरफानचा फोन आला. "काका, अब्बा गेले..." मी पुस्तक फळीवर परत ठेवलं आणि उगाचच ग्रंथपालांना म्हणालो, आज नको.

हनीफ गाद्या भरायचा. चिखलीतली कितीतरी घरं अजून त्यानं भरलेल्या गादीवर झोपतात, माझ्या लग्नातली गादीही त्याचीच. आम्ही शाळेपासूनचे दोस्त. काही वर्षांपूर्वी त्याच्या किडन्या निकामी झाल्या, बुलढाण्याला डायलिसिसच्या चकरा सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी त्याचं पाणी तोडलं. दिवसभराचं पाणी भाभी सकाळीच एका लहान बाटलीत भरून ठेवायच्या. ती संपली की संपली. नळाला पाणी येण्याची आम्ही सगळे चातकासारखी वाट बघणार, आणि याच्या घरची टाकी काठोकाठ भरलेली असून हा नुसता तिच्याकडे बघत बसणार! मशीनला लावलेला हात हलवायचा नसतो, म्हणून तो दुसऱ्या हातानं पानं उलटत वाचायचा. एकदा मी लढायांचं जाडजूड पुस्तक नेऊन दिलं, ते लगेच परत आलं. "कोरडं हाय बे हे. नुसती धूळ. यात पानी काऊन नाही?" मग एका कादंबरीत होडी मिळाली, तर माझ्या बी-बियाण्यांच्या दुकानात येऊन होडी कुठवर पोचली ते गिऱ्हाइकांसमोर सांगत बसला. मी विचारलं, वाचून तहान भागते का रे? "भागत नाही," तो म्हणाला, "पन एकट्याची राह्यत नाही."

जन्मभर शुक्रवारच्या जुम्म्यापुरता मशिदीत जाणारा हा माणूस आजारपणात पाचही वेळा नमाज पढू लागला. मी थट्टा केली, "म्हातारपणी देव आठवला वाटतं!" तो हसला. "नमाजाच्या आंधी वजू करा लागते. हातपाय धुवाचे, गुळनी कराची. पाच टाइम तोंडात पानी घ्याले भेटते, वसंता. थंडगार. गिळाचं नाही, फक्त... ठेवाचं." मग थोडा गंभीर होऊन म्हणाला, की सुरुवात त्या गुळणीसाठीच झाली होती, पण आता नमाजासाठी उठावंसं वाटतं. मी देवाधर्मातला नाही. तरी त्या दिवशी मला त्याचा हेवा वाटला, हे कबूल करतो.

रमजान आला की मात्र तो पार एकटा पडायचा. रोजा धरायला डॉक्टरांची सक्त मनाई, मौलानांनीही समजावलेलं. "बिमाराले माफी हाय म्हनते. माफी मांगतली कोनं बे?" मी म्हटलं, अरे, तुझा तर बारमाही रोजा चालू आहे. "तहान लागली म्हनून रोजा होत नाही. नीयत लागते." मग तो म्हणाला, "सहरीले, पहाटच्या जेवनाले, घरातले सारे उठतात. भांडे वाजतात, सून भाकरी टाकते, इरफान पोराईले हाका मारते... मले कोनी उठवत नाही. जागाच असतो मी. डोये मिटून पडून राह्यतो. काय म्हनून उठू? जेवाचं नाही, रोजा धराचा नाही."

माझी बायको गेल्यापासून पहाटे माझे डोळे आपोआप उघडतात, आणि उजाडेपर्यंत करायचं काय हा प्रश्न असतो. दुसऱ्या दिवशी सहरीच्या वेळेला मी त्याला फोन लावला. "हनीफ, ऊठ." "काऊन बे?" "काही नाही. ऊठ." पलीकडे खाट करकरली. मग म्हणाला, "उठलो." पुढच्या प्रत्येक रमजानात हा फोन रोज चालला. तो उठायचा, वजू करायचा आणि सगळ्यांच्या ताटांशेजारी आपलं पुस्तक मांडीवर घेऊन बसायचा.

तो गेल्यावर काही दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. भाभी इद्दतमध्ये, म्हणजे नवरा गेल्यावर घरात राहून पाळायच्या दिवसांत होत्या, म्हणून पडद्याआडूनच बोलल्या. मी सहज त्या फोनची आठवण काढली. "मले ठाऊक होतं भाऊ, ते जागे असत," त्या म्हणाल्या. "मी उठवलं असतं त त्याईनं माह्याजवळ रोजा मांगतला असता. मले नाही म्हनता आलं नसतं... म्हनून मी भांडे हळूच ठेवत होती. तुमचा फोन वाजे, तवा मले बरं वाटे." इरफाननं चहा आणला, तो पिऊन मी निघालो. बाजारातून येताना एकाएकी जाणवलं, की आता मला 'बे' म्हणणारं या गावात कोणी उरलेलं नाही. फार वाईट वाटलं.

परवा रमजानचा चाँद दिसला. पहाटे जाग आली आणि हातानं सवयीनं त्याचा नंबर लावला. पलीकडे घंटी वाजायला लागल्यावर मी भानावर आलो. बंद करणार, तोच कोणीतरी फोन उचलला. दूर कुठंतरी भांडी वाजत होती.

"उठली, भाऊ," भाभी म्हणाल्या. "जागीच होती मी."