मला बदली खेळाडू नव्हता

मी बनियन काढून हातात धरला होता. समोर दिनकर उभा होता, माझ्याच वर्गातला, बागायतदाराचा मुलगा. त्यानं बनियन घ्यायचा, अंगात घालायचा आणि माझ्या जागी मैदानात जायचं, एवढंच काम. त्यानं हात पुढं केला नाही.

पंच शिट्टी तोंडात धरून आमच्याकडं बघत होते. नगरच्या त्या कॉलेजचं मैदान माणसांनी भरलेलं. माझ्या पोटरीत गोळा आलेला. एका पायावर भार देऊन मी उघडाबंब उभा.

"घाल की," मी म्हणालो.

दिनकर माझ्याशी बोललाच नाही. आमच्या खेळाच्या सरांकडं बघून म्हणाला, "सर, त्याच्या अंगातला हाय तो. मला न्हाई जमायचं."

जिल्ह्यातली कॉलेजं तेव्हा बास्केटबॉलचे सामने एकमेकांच्या मैदानावर जाऊन खेळायची. मोठ्या कॉलेजांच्या पोरांना कपडे, बूट, सगळं. आमचं तालुक्याचं कॉलेज नवं. पाठीवर आकडे शिवलेले बनियन पाचच. बदली खेळाडूनं बाहेर येणाऱ्याचा बनियन उतरवून घ्यायचा आणि तोच चढवायचा, ओला असला तरी. त्याच सामन्यात आधी दिनकरनं दुसऱ्या एकाचा चिंब झालेला बनियन हसत हसत पिळून घातला होता. मी स्वतः बघितलं होतं.

मी महाराचा पोरगा, नेवासा तालुक्यातला. उंची होती म्हणून सरांनी हेरलं. साल दुष्काळाचं. आई-बाप खडी फोडायला जात होते आणि मला खेळाडू म्हणून वसतिगृहात दोन वेळचं जेवण मिळत होतं. खेळ होता तोवर भाकरी होती.

सर मला कधीच बाहेर काढत नसत. बाकीचे दमले की बसायचे, पाणी प्यायचे. मी पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत पळायचो. केवढा अभिमान वाटायचा मला त्याचा. सामना संपला की चार बनियन गोळा होऊन धोब्याकडं जायचे. माझा सर माझ्या हातात द्यायचे. म्हणायचे, "तुझा तुझ्याकडेच राहू दे. तू आपला हुकमी एक्का." मी तो विहिरीवर धुवायचो, वाळला की घडी करून उशाला घ्यायचो. आईला सांगितलं होतं, सरांचा माझ्यावर लई जीव हाय. तिनं ते कामावरच्या सगळ्या बायांना सांगितलं.

त्या दिवशी उभ्या उभ्या सगळं उलगडलं. मला बाहेर काढलं असतं तर माझा बनियन कुणी घालायचा, हा प्रश्न आला असता. तो येऊ नये म्हणून मला पळवत होते. मी ज्याला मान समजत होतो तो विटाळ होता. वर्षभर मी विटाळ उशाला घेऊन झोपलो होतो. मला लाज वाटली, दिनकरची नाही, माझी.

सर जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "तूच खेळ. थोडा वेळ राहिलाय. दम आहे तुझ्यात."

"सर, दिनकरला घालायला सांगा."

"आता वाद नको. सगळे बघताहेत."

"बघू द्या."

सर दिनकरला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर त्यानं घातलाही असता, असं मला आजही वाटतं. मी बनियन सरांच्या पायाशी टाकला आणि बाकावर जाऊन बसलो. उघडाच. आमचे चौघंच खेळले आणि हरले. परतताना एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. उभी पोरं उभीच राहिली.

आठवड्याच्या आत वसतिगृहातून माझं नाव कमी झालं. कारण सांगितलं, बेशिस्त. मी गावी आलो आणि आईच्या शेजारी बसून खडी फोडायला लागलो. आई रडली नाही, चिडली. "पुन्यांदा अंगात घातला असता तर काय झिजलं असतं तुझं? भाकर तर हुती." तिचं खोटं नव्हतं. मी मान खाली घालून दगड फोडत राहिलो.

पुढच्या वर्षी सामने जवळ आले तेव्हा सर स्वतः कामावर आले. खडीच्या ढिगापाशी रुमालानं तोंड पुसत उभे राहिले. "कॉलेजनं नवे बनियन शिवलेत. प्रत्येकाला स्वतःचा. आता कुणाला कुणाचा घालायला नको. तुझी जागा, जेवण, सगळं परत मिळेल. चल."

आईची हातोडी थांबली. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. सरांना वाटत होतं, प्रश्न मिटला. आमच्या वस्तीला पाणवठा वेगळा होता, आता मला बनियन वेगळा. नवा कोरा होता एवढंच.

"सर, दिनकर माझ्या अंगातला घालणार असेल तर येतो."

"हा काय हट्ट? तुझंच नुकसान आहे."

"आहे की," मी म्हणालो.

सर गेले. आईनं हातोडी पुन्हा उचलली. कॉलेज सुटलं ते कायमचं सुटलं, आणि दुष्काळ सरला तरी आमच्या घरातली उपासमार काही सरली नाही. पण त्या खडीवर बसून मी एक गोष्ट ठरवली आणि ती अजून मोडलेली नाही. माझा घाम ज्यांच्या अंगाला चालत नाही, त्यांच्यासाठी मी पळणार नाही. उपाशी मरेन, पण पळणार नाही.