सुनंदाचा सहा नंबर

माझं घर, माझं टेबल, माझी कामं — सगळं यादीवर चालतं. लिंबू-मिरची मी फक्त भाजीच्या यादीत लिहिते. त्यामुळे हे इथं लिहिताना मलाच कसंसं होतंय... तरी लिहिते.

मी मानवतला एका जिनिंगच्या ऑफिसात सुपरवायझर आहे. सहा कॉम्प्युटर, एक सर्व्हर, सगळे एकाच नेटवर्कवर. सीझनमध्ये कापसाच्या गाड्या गेटपासून रोडपर्यंत उभ्या असतात. गेल्या सीझनला रोज जेवणाच्या सुट्टीत सिस्टम गळपटायची. पावती निघेना. बाहेरून ओरडा — "ओ मॅडम, कापूस लवकर पिकला, पावतीच पिकंना झालीय!"

मी एकेक शक्यता खोडत गेले. केबल बदलली, स्विच बदलला, व्हायरस तपासला. मग परभणीहून इंजिनिअर आला. त्यानं सर्व्हरचा लॉग, म्हणजे कुणी काय शोधलं त्याची नोंद, उघडून दाखवला. सहा नंबरच्या कॉम्प्युटरवरून शेतकऱ्याच्या नावाचा रकाना रिकामा ठेवून शोध दिला जात होता. रिकामा शोध दिला की सर्व्हर सगळ्या वर्षांच्या सगळ्या पावत्या चाळत बसतो, आणि बाकीचे पाच जण ताटकळतात.

सहा नंबरवर सुनंदा बसायची. नवरा नाही, दोन मुली शिकतायत, घर तिच्या पगारावर.

"ताई, मी हातच लावला न्हाई. जेवायलेय मी, बघा की!" ती म्हणाली. खरंच समोर डबा होता, हात भाजीनं माखलेले. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिच्याशेजारी बसून जेवले. कीबोर्डला कुणाचा हात नाही, आणि सिस्टम लटकली. लॉगमध्ये — सहा नंबर, रिकामा शोध.

मी शेठजींना सांगितलं. ते हसले. "तिच्याच मशीनवरून व्हायलंय ना? मग काय भूत बसलंय का तिथं? तुमी लय लाडावून ठेवलंय तिला."

सुनंदाला काढलं. तिचा लॉगिन मी स्वतः बंद केला. मशीनच्या वायरी काढून ते स्टोअरच्या कपाटात ठेवलं, किल्ली माझ्याकडे.

पुढच्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत सिस्टम लटकली.

सहा नंबर. सुनंदाचा लॉगिन. रिकामा शोध.

इंजिनिअरला पुन्हा बोलावलं. त्यानं दुसऱ्या कुठल्या मशीनला 'सहा नंबर' हे नाव दिलंय का, ते पाहिलं. कुठंच नव्हतं. मी कपाट उघडलं. मशीन ठेवलं तसंच होतं. त्यानं मागच्या रिकाम्या खाचांवरून बोट फिरवलं. "मॅडम, याला वायरच न्हाई हो..." मग त्यानं एक गोष्ट केली — रिकामा शोध आला की सर्व्हर तो नाकारेल, अशी सोय. तेव्हापासून सिस्टम पळते.

मी लगेच शेठजींकडे गेले. म्हटलं, आता तरी सुनंदाला परत बोलवा, तिचा दोष नव्हता.

"मग कुणाचा होता?"

मी लॉगचा कागद पुढे केला.

"चालू झालं ना? मग झालं की. तिच्या जागी पोरगी बी आलीय."

सुनंदानं मग दुसऱ्या जिनिंगमध्ये अर्ज केला. तिथल्या मालकाचा शेठजींना फोन आला तेव्हा मी समोरच होते. "बाई चांगली हाय हो, पण सिस्टम बंद पाडती," शेठजी म्हणाले. फोन ठेवला आणि मला चहा सांगायला लावला. मी सांगितला.

ते मशीन नंतर भंगारात गेलं. नाकारलेल्या शोधांची नोंद मात्र अजून रोज जेवणाच्या सुट्टीत येते. काल ती आली तेव्हा मी तिथूनच सुनंदाला फोन लावला. हल्ली ती गंगाखेडला भावाकडे राहते, झेरॉक्सच्या दुकानात उभी असते.

"काय करायलीस?"

"जेवायलेय, ताई. सापडलं का वो काही?"

मी नाही म्हणाले. समोर स्क्रीनवर तिचं नाव होतं.