स्वीडनला न गेलेली अंजनी

मधू कारखानीस अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होता. आडनाव कारखानीस आणि नोकरी कारखान्यात, यावरून होणारे विनोद तो वर्षानुवर्षं त्याच चेहऱ्याने हसून ऐकत आला होता. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. वेड एकच, परदेशी वस्तूंचं. आपल्याकडे जे बनतं ते चालतं, आणि तिकडे जे बनतं ते टिकतं, अशी त्याची पक्की समजूत होती. त्या समजुतीला रोज तडे जात होते, तरी ती मात्र टिकून होती.

हे सगळं टिकाऊ सामान तो उल्हासनगर कॅम्प चारमधल्या होतचंदच्या दुकानातून आणायचा. एकदा बटण दाबताच उघडणारी जपानी छत्री आणली. ती दुकानात झकास उघडली, पण मिटेना. उघडी छत्री घेऊन रिक्षावाला बसू देईना, म्हणून भर ऑक्टोबरच्या उन्हात मधू ती डोक्यावर धरून कॅम्प चारपासून घरापर्यंत चालत आला. दारातून ती आत जाईना. शेवटी अंगणात ठेवली, आणि दोनच दिवसांत चाळीतल्या कुत्रीने तिच्याखाली बाळंतपण उरकलं. होतचंद खोटं मात्र कधी बोलायचा नाही. छत्री जपानचीच का, असं विचारलं तर "जपान बोलते हैं, मधूभाई," एवढंच म्हणायचा.

मधूची बायको कुमुदिनी शाळेत गणित शिकवायची. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. डॉक्टर झाले, नवस झाले, कुणीतरी सांगितलेला कडू काढाही पिऊन झाला. मग एका संध्याकाळी वह्या तपासता तपासता कुमुदिनी म्हणाली की आपण मूल दत्तक घेऊ. गणिताच्या बाईंनी उत्तर काढलं होतं, आता फक्त रीत लिहायची राहिली होती.

घरात मधूचे वडील होते, आण्णा. ते कूळ आणि गोत्राचा प्रश्न काढतील या धास्तीने मधूने आठवडाभर तयारी केली. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की हे मूल दुपारी झोपेल ना? कारण दुपारची झोप मोडलेली त्यांना खपायची नाही.

बदलापूरला नदीकडच्या रस्त्यावर एक छोटं बालगृह होतं. तिथल्या अधीक्षक पद्मजाबाई जाड भिंगांतून समोरच्याला अशा न्याहाळायच्या, की माणसाला आपण काहीतरी लपवतोय असं वाटायला लागे. १९८७ सालच्या एका शनिवारी मधू-कुमुदिनी तिथे गेले. मुलं भोवती जमली, कुणी साडीचा पदर ओढला, कुणी गाणं म्हटलं. एक अडीच वर्षांची काळीसावळी पोर मात्र आलीच नाही. ती बाहेर पायरीवर बसून, एका डोळ्याने मधूच्या काढून ठेवलेल्या बुटाकडे आणि दुसऱ्याने गुलमोहोराकडे बघत, बुटात एकेक खडा टाकत होती. डावा डोळा तिरळा होता. निघताना मधूने बूट उचलला तर तो खड्यांनी भरला होता. पोरगी त्याच्याकडे न बघता दुसऱ्या बुटाकडे वळली.

"ही," कुमुदिनी म्हणाली.

तिचं नाव अंजनी. पद्मजाबाईंनी त्यांना खुर्चीवर बसवून स्पष्ट सांगितलं, की याआधी दोन जोडपी हिला बघून गेली. पहिल्यांना रंग चालला नाही. दुसऱ्यांना रंग चालला, पण त्यांनी सोबत ज्योतिषी आणला होता, आणि जन्मवेळ ठाऊक नाही म्हटल्यावर तो पत्रिकेचा कागद तसाच कोरा घेऊन उठला. आता स्वीडनचं एक जोडपं हिला न्यायला तयार आहे. फोटो बघूनच त्यांनी होकार कळवलाय, मुंबईत येऊन थांबलेत, उद्या इथे येतील. पण नियमाप्रमाणे आधी इथल्या माणसांना विचारायचं असतं.

"तुम्ही हो म्हणालात तर तुमची. नाही म्हणालात तर स्वीडनची," त्या म्हणाल्या. "उद्या सांगा."

दुसरा कुणी असता तर त्याला यात अडचण वाटली नसती. पण मधूच्या कानात एकच शब्द अडकला. स्वीडन! तिथली पोलादी पाती कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती, तो ती स्वतःच्या रुमालाने पुसायचा. त्या देशात या पोरीला जायला मिळतंय, आणि आपण मध्ये हात घालून तिला कुठे आणणार, तर जिथे नळाला पहाटे पाणी येतं आणि वारा फिरला की कारखान्यांतल्या गंधकाचा वास येतो तिथे. परतताना तो कुमुदिनीला एवढंच म्हणाला, की आपण तिचं नुकसान तर करत नाही ना? कुमुदिनीने विचारलं, कसलं नुकसान? मधूने स्वीडन म्हटलं.

संध्याकाळी तो कॅम्प चारला होतचंदकडे गेला. जगातल्या परदेशी मालाची पारख त्याच्या ओळखीत त्या एकालाच होती. होतचंद घड्याळं पुसत होता. सगळं ऐकल्यावर त्याने फडकं बाजूला ठेवलं. म्हणाला, फाळणीत मी सिंधमधल्या शिकारपूरहून आलो तेव्हा एवढासा होतो. इथल्या बराकीत आणून टाकलं, कुणी विचारलं नाही की बेटा, आवडेल का. आईला वाटायचं पोराचं नुकसान झालं. मी तर बराकीच्या दारात दुसऱ्याच आठवड्यात गोळ्या विकायला बसलो.

"बच्ची जहाँ जाएगी, दुकान लगा लेगी, मधूभाई," तो म्हणाला. "उसका मत सोच. तेरेको पाहिजे का नाही, ते बोल."

मधूने एक टॉर्च विकत घेतला.

रविवारी स्वीडनचं जोडपं आधीच येऊन बसलं होतं. लेनार्ट उंच, खांदे पाडून बसणारा, सुतारकाम करणारा माणूस. बायको ब्रिट, परिचारिका. पद्मजाबाईंना आत कुणाचा तरी ताप बघायला जावं लागलं आणि दोन्ही जोडपी समोरासमोर उरली. मधूने घसा साफ केला, आणि इंग्रजीतून, मुलीच्या भल्यासाठी सगळं स्वच्छ सांगायचं ठरवून, अंबरनाथची निंदा सुरू केली. पाणी अपुरं, वीज जाते, हवा घाण. लेनार्टने लक्ष देऊन ऐकलं आणि प्रामाणिकपणात आपणही मागे राहू नये म्हणून तो सांगू लागला, की आमच्याकडे हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो. शेजारी वर्षभर बोलत नाहीत. गावात तिच्या रंगाचं दुसरं कुणी नाही. मधू म्हणाला, रंगाचं म्हणाल तर आमच्याकडे तिच्या रंगाचे सगळेच आहेत, पण लग्नाच्या वेळी प्रत्येकाला गोरी हवी असते. लेनार्ट म्हणाला, मासे फार खावे लागतात. मधू म्हणाला, आमच्याकडेही.

पद्मजाबाई परत आल्या तेव्हा दोघे आपापला देश विकायला मांडून, गिऱ्हाइकाला मात्र तो घेऊ नका म्हणून सांगत असल्यासारखे बोलत होते. त्यांनी थोडा वेळ दारात उभं राहून ऐकलं.

"कारखानीस, मी आजवर मुलं मागायला आलेली माणसं पाहिली," त्या म्हणाल्या. "नालायकीची स्पर्धा पहिल्यांदाच बघतेय. हो की नाही?"

मधूने कुमुदिनीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिचं उत्तर कालच देऊन झालं होतं, आता त्याचं यायचं होतं. जाऊ दे तिला स्वीडनला, तिचं कल्याण होईल, हे वाक्य त्याने रात्री पाठ केलं होतं. ते म्हणायला त्याने तोंड उघडलं.

"तिच्या डोळ्यासाठी," तो म्हणाला, "ठाण्यात चांगला डॉक्टर कोण आहे?"

लेनार्टने पद्मजाबाईंना विचारलं, की ते काय म्हणाले?

"हो म्हणाले," पद्मजाबाईंनी सांगितलं.

ब्रिट रडली. आवाज न करता, ताठ बसून. मधूला वाटलं की आपण भर दिवसा कुणाच्या तरी घरातून काहीतरी उचलून नेतोय. त्याला तिथे उभं राहवेना. कुमुदिनी मात्र उठून ब्रिटजवळ जाऊन बसली आणि तिचा हात हातात घेऊन राहिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी त्या उठल्या तेव्हा समोर ठेवलेला चहा निवला होता.

त्या जोडप्याला पुढे काही महिन्यांनी त्याच बालगृहातला रघू मिळाला. त्याचा पाय जन्मापासून वाकडा होता आणि त्याला बघायलासुद्धा कुणी आलं नव्हतं.

अंजनी घरी आली आणि दुपारी झोपेना. आण्णांनी दोन दिवस तक्रार केली. तिसऱ्या दिवशी ती त्यांच्या पोटावर झोपली. ती उठेल म्हणून आण्णा संध्याकाळपर्यंत हलले नाहीत, आणि मग उठताना त्यांना मधूला हाक मारावी लागली. महिनाभरात ते शेजाऱ्यांना सांगू लागले, की हिचं नाक थेट माझ्या पेणच्या आत्यासारखं आहे. हे शक्य नाही, असं मधूने एकदा हळूच सुचवलं. आण्णा म्हणाले, "तू माझ्या आत्याला पाहिलंयस?"

डोळ्याचं ऑपरेशन झालं, चष्मा लागला. मधूच्या मनातून मात्र स्वीडन जाईना. पोरीचं जे हुकलं ते भरून काढायला तो होतचंदकडून परदेशी चॉकलेटं आणायचा. त्यांच्या वेष्टनावर रेनडियर आणि आत गुळाची चव असायची. एका उन्हाळ्यात त्याने कूलर आणला. तो एवढा हादरायचा की रात्रीतून चालत मोरीपर्यंत पोचायचा. कुमुदिनीने अखेर बजावलं, की पोरीला बाप मिळालाय, तिला देश कशाला हवाय.

आपण दत्तक आहोत हे अंजनीला आधीपासून ठाऊक होतं, त्याचं तिला काही वाटायचं नाही. स्वीडनचं मात्र ती नऊ वर्षांची झाल्यावर कळलं, आणि ती उखडली.

"ते न्यायला आले होते आणि तुम्ही नाही म्हणालात?"

"हो," मधू म्हणाला.

त्या दिवसापासून घरात काही बिनसलं की स्वीडन निघायचं. लाइट गेले, स्वीडन. कारल्याची भाजी, स्वीडन. गणितात कमी पडले आणि आई रागावली, की स्वीडनमधल्या आया रागावत नाहीत हे तिला कुठून तरी नक्की माहीत असायचं. मधू दर वेळी मान खाली घालून "खरं आहे" म्हणायचा. त्यामुळे तर तिला आणखी राग यायचा, कारण भांडायला समोर कुणी उरतच नसे.

१९९८ च्या जानेवारीत लेनार्ट, ब्रिट आणि रघू भारतात आले, आणि एक दिवस अंबरनाथला कारखानिसांकडे जेवायला आले. रघू चांगला उंच झाला होता, पायाची शस्त्रक्रिया होऊन किंचित लंगडत चालायचा, मराठीचा एक शब्द येत नव्हता. अंजनी त्याला शिवमंदिर दाखवायला घेऊन गेली. वाटेत तिने मोडक्या इंग्रजीत त्याला स्वीडनबद्दल सगळा जाब विचारून घेतला. दोघे परत आले तेव्हा रघूच्या हातात ऊस होता आणि त्यातलाच अर्धा तुकडा अंजनी चघळत होती.

निरोप घेताना लेनार्ट मधूला म्हणाला, की मी तुमच्यावर एक वर्ष रागावलो होतो. मग रघू चालायला लागला, त्याच्यामागे धावण्यात राग राहून गेला. मधू म्हणाला, की मी असतो तर दहा वर्षं रागावलो असतो. दोघांनी हात मिळवले.

पाहुण्यांची गाडी गेल्यावर अंजनी म्हणाली, "तिकडे खरंच दुपारी तीनला अंधार होतो म्हणे. आपल्याकडे निदान लाइट गेल्यावरच होतो."

मधूने धीर करून विचारलं, "तुला जायचं होतं का गं?"

अंजनीने विचार केला. खरंखुरं उत्तर द्यायचं असलं की ती चष्मा काढायची, तसा तिने काढला.

"तेव्हा विचारलं असतंत तर गेले असते," ती म्हणाली. "आता नका विचारू. उद्या भूगोलाची चाचणी आहे."

मग मधू पुस्तक घेऊन बसला आणि ब्राझीलची पिकं विचारू लागला. तिला कॉफी तेवढी बरोबर आली. बाकी सगळं चुकलं.